वाचनालय चालू आहे

राहत्या घराची डागडुजी किती जिकिरीची असते, हे ज्याच्या घरी ती झाली असेल त्यालाच ठाऊक. स्वयंपाकघरातील भांडी ओसरीवर येतात, ओसरीवरची अंथरुणे माडीवर जातात, चहात चुन्याची भुकटी पडते, आणि घरातील वडीलधारी माणसे ‘हे काम काढलेच कशाला?’ असे दिवसातून दहा वेळा विचारतात. मग ज्या घरात हजारो ग्रंथ नांदतात आणि ज्याच्या उंबऱ्याशी रोज शंभर-सव्वाशे माणसे येतात, ते घर दुरुस्तीस काढले म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करा. असा प्रसंग मजवर आला होता. मुख्याध्यापकाच्या कामातून निवृत्त झाल्यावर आमच्या शहराच्या जुन्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाहपद मजकडे आले, आणि त्यानंतर थोड्याच काळाने त्या वाचनालयाची जुनी इमारत दुरुस्त करून मागील अंगणात तिला नवी जोड देण्याचे ठरले.

शहर म्हणजे मराठवाड्यातील औरंगाबाद. २०२२ सालच्या दिवाळीनंतर काम सुरू झाले तेव्हा शहराचे नाव हेच होते. काम चालू असतानाच, २०२३ साली, ते छत्रपती संभाजीनगर झाले आणि दुरुस्तीच्या खर्चात एका नव्या रबरी शिक्क्याची भर पडली. आज आमच्या संग्रहातील एखादे जुने पुस्तक उघडले तर त्यावर तीन शिक्के दिसतात. पहिला निजामाच्या राज्यातील, अर्धा उर्दू व अर्धा मराठी, दुसरा औरंगाबादचा, आणि तिसरा नवा. वाचनालयात येणारी मुले पुस्तकातील गोष्टीपेक्षा हे शिक्केच अधिक वेळ पाहत बसतात, असे मला पुष्कळदा आढळले आहे.

त्या पहिल्या शिक्क्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेथील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. उर्दू ही मोठी गोड आणि संपन्न भाषा आहे, आणि आमच्या शहराने तिला आपले मानले आहे. परंतु घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक हाती धरावेसे वाटले तर त्याने जावे कोठे? म्हणून गावोगावच्या लोकांनी पदरमोड करून लहान लहान वाचनालये काढली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. सभा भरवावयाची तर सरकारी परवानगी लागे, कित्येक वृत्तपत्रांना राज्यात येण्याचीच बंदी असे. अशा काळी एका खोलीत चार बाके, एक कंदील आणि दोन कपाटे पुस्तके एवढे जमवणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. पुढे हैदराबाद राज्याने १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६७ साली महाराष्ट्राचा कायदा आला, आणि वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग व त्यांप्रमाणे अनुदान मिळू लागले. आमच्या वाचनालयाच्या त्या चार बाकांतले एक बाक अजून शिल्लक आहे. त्यावर बसले की ते करकरते, म्हणून त्यावर कोणी बसत नाही.

इमारत जुन्या पद्धतीची. खाली काळ्या दगडाचे जोते, वर भाजक्या विटांच्या चुन्यात बांधलेल्या दीड हात रुंद भिंती, आणि त्यांवर सागवानी तुळया टाकून केलेले माळवद. माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर, आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचे पांघरूण. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो, तरी अशा छताखाली बसलेल्या वाचकाला पंख्याची आठवण होत नाही. मात्र दर पावसाळ्याआधी माळवदाची निगा राखावी लागते, आणि ती कैक वर्षे राहिली नव्हती. छत गळू लागले होते. त्याहून वाईट अवस्था भिंतींची होती. केव्हातरी कोणीतरी त्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चढवला होता. त्या काळी सिमेंट म्हणजे सुधारणा, असेच सर्वांना वाटे. वरून गिलावा कसा घट्ट दिसे, पण आतल्या आत भिंतीला लोणा लागला होता आणि भिंतीला टेकलेल्या कपाटांतील पुस्तकांवर हिरवट बुरशी धरू लागली होती.

समितीच्या बैठकीत साहजिकच दोन तट पडले. जुने पाडून सरळ नवी काँक्रीटची इमारत उभारावी, असे काहींचे म्हणणे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही. नवी इमारत लवकर झाली असती, आणि खर्चाचा अंदाजही नेमका करता आला असता. दुसऱ्या बाजूस मी होतो, आणि माझ्या बाजूस मजहून पुष्कळ अधिक जाणणारा एक माणूस होता. तो म्हणजे जुन्या शहरातील एक वृद्ध गवंडी. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. वय सत्तरीच्या पलीकडे, हात चुन्याने कायमचे पांढुरके झालेले. त्यांनी बैठकीत भाषण केले नाही. आम्हां सर्वांना वाचनालयाच्या मागच्या भिंतीशी नेले, छिन्नीने सिमेंटचा ओंजळभर पापुद्रा काढला आणि मला म्हणाले, “मास्टरसाब, हात लावून बघा.” आतली वीट ओलीचिंब होती. पाऊस थांबून महिना लोटला होता!

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरते, पण तेवढ्याच सहजपणे ते वाऱ्याउन्हाने बाहेरही पडते. सिमेंटचा लेप मात्र जमिनीतून चढलेली ओल आत कोंडून ठेवतो. ओलीबरोबर आलेले क्षार विटेत साचतात, फुलतात आणि विटेचा भुगा करतात. म्हणजे भिंत बळकट करण्यासाठी जे अंगावर चढवले त्यानेच ती आतून पोखरली जात होती. उस्तादांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण रसायनशास्त्राच्या तासाला इतका स्वच्छ धडा मी फार थोड्या शिक्षकांकडून ऐकला आहे.

त्याच काळात मुंबईच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचेही काम चालले होते. १८४७ साली काही यंत्र-कारागिरांनी एकत्र येऊन सुरू केलेली ती संस्था. तिच्या १८७० सालच्या दगडी इमारतीवर मध्यंतरी बसवलेले काँक्रीटचे छत काढून पुन्हा मूळचे उतरते छत करण्यात आले, आणि २०२३ साली ते काम पूर्ण झाले. एवढ्या मोठ्या संस्थेस जे शहाणपणाचे वाटले ते आपल्यालाही करून पाहण्यास हरकत नाही, या एका गोष्टीने समितीतील कित्येकांचे मन वळले. जुनी इमारत चुन्यानेच दुरुस्त करावी आणि नवी जोड मात्र आजच्या पद्धतीने करावी, असे ठरले.

आता खरा प्रश्न उभा राहिला. काम दीड वर्षाचे. तोवर वाचनालय बंद ठेवावयाचे की काय? बहुतेकांना दुसरा मार्ग दिसत नव्हता. मी स्वतःही मनात तोच हिशेब करीत होतो. तेव्हा आमच्या ग्रंथपाल बाई, ज्या बैठकीत कधी फारशा बोलत नाहीत, त्या आपली नोंदवही घेऊन उभ्या राहिल्या. २०२० साली करोनाच्या साथीत टाळेबंदी झाली आणि मार्चपासून सगळी वाचनालये बंद पडली. ऑक्टोबरात ती उघडण्यास परवानगी मिळाली. त्या सात महिन्यांच्या आधी रोज येणारे कितीतरी लोक नंतर पुन्हा आलेच नाहीत. बाईंनी त्या नोंदवहीतील एकेक नाव वाचावयास सुरुवात केली. “हे येत नाहीत. ह्या येत नाहीत. हा मुलगा रोज येई, येत नाही.” असे दोन पानभर वाचून झाल्यावर अध्यक्षांनी हात वर केला आणि म्हणाले, “बाई, पुरे. बंद ठेवायचे नाही.”

एवढे बोलणे सोपे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो तेव्हा ते किती अवघड आहे हे उमगू लागले. इमारतीचे दोन भाग करावयाचे, मागच्या भागाचे काम आधी आणि पुढच्या दालनाचे नंतर, असे ठरले. चालू भागात वर्तमानपत्रे व देवघेवीचे टेबल राहील. बाकी सर्व ग्रंथ बाहेर. जवळच्या एका शाळेने आपल्या दोन खोल्या देऊ केल्या. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेही संध्याकाळी तेथेच बसू लागली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी एकच खोली, आणि त्या खोलीत दूरदर्शन संच, धाकटी भावंडे व पाहुणे. वाचनालयाचे दार लागले असते तर त्यांचे एक वर्ष फुकट गेले असते, आणि त्या वयात एक वर्ष फार मोठे असते.

पुस्तके हलवणे हे धान्याची पोती हलवण्यासारखे नसते. पोते कोठेही ठेवले तरी गहू तो गहूच. पुस्तक मात्र आपल्या जागेवरून ढळले की असून नसल्यासारखे होते. प्रत्येक ग्रंथाला तो वाचनालयात येतो त्या दिवशी एक दाखल क्रमांक मिळतो. त्याखेरीज विषयावरून दुसरा क्रमांक असतो, त्यावरून त्याची फळीवरची जागा ठरते. ही व्यवस्था हरवली तर बारा हजार ग्रंथांच्या ढिगात हवे ते पुस्तक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत मोहरी शोधणे. म्हणून बाईंनी प्रत्येक फळीचे चित्रच कागदावर काढले. मोसंबीच्या अडतीवर प्लास्टिकच्या जाळीदार पेट्या असतात, त्यांना तेथे कॅरेट म्हणतात. त्या आम्ही मिळवल्या. जाळीतून हवा खेळते, त्यामुळे बुरशी धरत नाही. सुतळीने बांधले तर पुठ्ठ्याच्या कडा कापल्या जातात, म्हणून सुती नाड्या आणल्या. पेटीत तळाशी वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर पुस्तकांची यादी, आणि त्याच यादीची दुसरी प्रत वहीत. जी पेटी शेवटी भरली ती आधी उघडावयाची, हाही नियम ठरला.

पण शाळेच्या दोन खोल्यांत सगळे मावेना. तेव्हा बाईंनीच आणखी एक विचार मांडला आणि समिती चकितच झाली. प्रत्येक सभासद कुटुंबाने पंचवीस पुस्तके काम पुरे होईपर्यंत आपल्या घरी न्यावीत! अटी थोड्याच: पुस्तके जमिनीवर ठेवू नयेत, ओल असलेल्या भिंतीला टेकवू नयेत, आणि दुसऱ्या कोणा सभासदाला त्यांतले एखादे हवे झाले तर त्याला ते द्यावे. समितीतील एक गृहस्थ म्हणाले, “बाई, एक पुस्तक परत मिळवायला आपण तीन पत्रे पाठवतो, आणि तुम्ही पंचवीस द्या म्हणता!” यावर बाईंचे उत्तर असे होते की, एक पुस्तक माणूस विसरतो, पंचवीस पुस्तके घरात आली की ती विसरता येत नाहीत. मला हा युक्तिवाद पूर्णपणे पटला असे नाही. पण दुसरा उपाय नव्हता. दुर्मिळ ग्रंथ तेवढे शाळेच्या प्रयोगशाळेतील कुलूपबंद कपाटात गेले. बाकीचे नेण्यास एकशे चाळीस घरे पुढे आली. त्यांत शिंपी होते, रिक्षा चालवणारे होते, दवाखान्यातील परिचारिका होत्या. एका आजींनी आपली पंचवीस पुस्तके देवघराच्या शेजारच्या फडताळात ठेवली आणि रोज एक उघडून मोठ्याने वाचावयास सुरुवात केली. त्यांच्या घरासमोर दुपारी बायामुले जमू लागली. ही एक शाखाच निघाली म्हणावयाची.

शाळेत न्यावयाच्या पेट्यांचे काम राहिले. युरोपात लाटव्हिया नावाचा लहानसा देश आहे. त्याची राजधानी रिगा. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयासाठी नवी इमारत झाली, तेव्हा १८ जानेवारी २०१४ रोजी, कडाक्याच्या थंडीत, सुमारे चौदा हजार माणसे रस्त्यावर ओळीने उभी राहिली आणि जुन्या इमारतीतील पुस्तके हातोहात नव्या इमारतीत पोहोचवली गेली. ती ओळ सुमारे दोन किलोमीटर लांब होती. ही हकीकत मी शाळेतील मुलांना सांगितली मात्र, ‘आपणही तसेच करू’ असा त्यांनी गलका केला. आमचे अंतर दोन गल्ल्या आणि एक चौक एवढेच. जानेवारीतील एका रविवारी सकाळी मुलांची साखळी लागली. पेट्या वजनदार म्हणून मोठ्यांनी वाहिल्या. सुटी पुस्तके मुलांच्या हातांतून चालली. चौकात रिक्षावाल्यांनी आपण होऊन रिक्षा बाजूस घेतल्या, समोरच्या उपाहारगृहातून चहा आला. सुमारे अर्धा तास सगळे सुरळीत चालले आणि मग एकाएकी साखळी तुंबली. मागे पुस्तकांचे ढीग साचले, पुढची मुले रिकाम्या हातांनी उभी. पाहतो तो वळणावर उभा असलेला सहावीतील एक मुलगा हातात आलेल्या शिकारकथांच्या पुस्तकात रंगून गेला होता. वाघ झुडपातून बाहेर पडल्याशिवाय तो पुस्तक पुढे देण्यास तयार नव्हता! त्याला ओळीतून काढून पायरीवर बसवले, पुस्तक त्याच्याच नावावर चढवले आणि साखळी पुन्हा चालू झाली.

मागच्या भागात आता उस्तादांचे राज्य होते. तेथे जाऊन बसणे हा माझा रोजचा परिपाठ झाला. चुन्याचे काम पाहण्यासारखे असते. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा येतात, आणि दगडाचे लोण्यासारखे मऊ पीठ होते. याला चुना विरवणे म्हणतात. हे मऊ पीठ पाण्याखाली जितके दिवस मुरेल तितके चांगले. मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून घाणीत दळावयाचे. पूर्वी दगडी चाक बैल फिरवीत. आता विजेचे यंत्र फिरवते. उस्ताद त्यात गुळाचे पाणी, भिजवलेल्या बेलफळाचा चिकट रस आणि मेथीचे पाणी घालीत. किती घालावयाचे याचे माप त्यांच्या बोटांत होते. मिश्रण दोन बोटांत धरून ताणून पाहावयाचे आणि मान हलवावयाची. मान आडवी हलली की पुन्हा घाणी सुरू.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. म्हणजे जो दगड भट्टीत जातो तोच भिंतीवर परत येतो, फक्त मध्ये त्याने मऊ होऊन आपल्या हाताचा आकार घेतलेला असतो. मात्र यास वेळ लागतो. एक थर वाळल्यावाचून दुसरा देता येत नाही, आणि तो फार लवकर वाळू नये म्हणून त्यावर ओली पोती बांधावी लागतात. आमच्या शहरातील बीबीचा मकबरा तुम्ही पाहिला असेल. सतराव्या शतकातील ही पांढरीशुभ्र वास्तू दुरून सगळीच संगमरवरी वाटते. वास्तविक घुमट आणि भिंतींचा खालचा काही भाग तेवढा संगमरवराचा. बाकीचा पुष्कळसा पांढरेपणा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात तर अभ्यासकांना वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळले आहेत. आमचे उस्ताद त्याच परंपरेतले. त्यांच्या हाताखाली दोन तरुण शिकत होते. त्यांपैकी एक अभियांत्रिकीची पदवी घेतलेला होता आणि तो सगळे मोजून वहीत लिहून ठेवी. उस्तादांना प्रथम ते आवडत नसे. पुढे मात्र तेच त्याला ‘लिहिलं का?’ असे विचारू लागले.

मार्चमध्ये अवकाळी पावसाने तोंड दाखवले होते, आणि एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. त्या वर्षी मराठवाड्यात गारपिटीने पिकांचे व फळबागांचे फार नुकसान झाले. माळवद मागच्या बाजूने उघडे करून तुळया तपासणे चालले होते. रात्री अकराच्या सुमारास वारा सुटला आणि ताडपत्री उडाली. मी पोहोचलो तेव्हा गल्लीतील माणसे आधीच वर चढली होती. विजेच्या लखलखाटात कोणी ताडपत्री धरली होती, कोणी घरातील चादरी व पत्रे आणले होते. तरी मधल्या दाराखालून पाणी पुढच्या दालनात आलेच, आणि तेथे तळच्या फळीवर ठेवलेल्या जुन्या मासिकांच्या बांधीव फाइली भिजल्या.

भिजलेला कागद फार नाजूक असतो. तो उन्हात टाकला तर आखडतो आणि पाने एकमेकांना चिकटतात. तसाच ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी येते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने हे दुःख आमच्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर भोगले आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयात २००५ च्या पुराचे पाणी शिरले, आणि २२ जुलै २०२१ च्या महापुराने पुन्हा तोच प्रसंग आणला. दोन्ही वेळा तेथील मंडळी चिखलातून पुन्हा उभी राहिली. त्यांच्यापुढे आमच्या फाइली त्या किती! आम्ही त्या सावलीत, पंख्याखाली, उभ्या ठेवल्या आणि पानापानांत टिपकागद घातले. शाळेतील मुली रोज दुपारी येऊन ते ओले टिपकागद बदलीत. दोन फाइली मात्र वाचल्या नाहीत.

त्या पावसाने समितीचा धीर खचला. पावसाळा तोंडावर आला होता. निदान चार महिने तरी सर्व बंद करावे, असे आता पुष्कळांना वाटू लागले. मलाही त्यांना काय सांगावे ते सुचेना. योगायोग असा की, पाणी उपसण्यासाठी पुढच्या दालनातील मोठे शिसवी कपाट कित्येक वर्षांत प्रथमच हलवले, तेव्हा त्याच्या पाठीमागे पडलेली देवघेवीची एक जुनी वही सापडली. १९४८ सालची. बोरूने लिहिलेली, वळणदार मोडीमिश्रित अक्षरांची. त्या वर्षी रझाकारांनी गावोगाव उच्छाद मांडला होता, कित्येक कुटुंबे राज्याबाहेर निघून गेली होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. मी आणि बाई वही घेऊन करकरणाऱ्या बाकावर बसलो आणि तो महिना काढला. १२ तारखेला पुस्तके नेल्याच्या चार नोंदी होत्या. १३ पासून कोऱ्या ओळी. आणि २० तारखेला पुन्हा एक नोंद: एक पुस्तक परत आले, एक नेले.

मी ती वही बैठकीत ठेवली. तीवर काही बोललो नाही. ती सर्वांच्या हातांतून फिरली, अध्यक्षांनी चष्मा पुसून ते पान दोनदा वाचले, आणि मग चर्चा ताडपत्री किती लागतील याच्यावर गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुठ्ठ्यावर ‘वाचनालय चालू आहे’ असे ठळक अक्षरांत लिहून तो पुठ्ठा बांधकामाच्या परातीला टांगला. पुढचे वर्षभर ती पाटी पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्या दारातून खिडकीत अशी फिरत राहिली. जेथे देवघेवीचे टेबल, तेथे ती.

नव्या जोडीविषयी फार लिहीत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागला. जुन्या भिंतीला धक्का बसू नये म्हणून दोहोंमध्ये बोटभर फट सोडली. वर अभ्यासिका, खाली बालविभाग, आणि चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी पायऱ्यांशेजारी उतार. पैशाची ओढाताण झाली, ती सगळ्याच संस्थांत होते. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले, त्यांतला शेवटचा नियम ग्रंथालय नेहमी वाढत राहते असा आहे. त्याला अनुसरून बाईंनी नव्या प्रत्येक फळीचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवण्याचा हट्ट धरला. उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांना फळ्या अर्ध्यामुर्ध्या वाटल्या, पण बाई बधल्या नाहीत.

२०२४ च्या जूनमध्ये घरोघरची पुस्तके परत येऊ लागली. एकशे चाळीस घरांत पंचवीस-पंचवीस मिळून साडेतीन हजार पुस्तके दिली होती. पिशव्यांतून, रिक्षांतून, डोक्यावरच्या टोपल्यांतून ती आली. कित्येकांना नवी वेष्टणे घातलेली, फाटकी पाने डकवलेली. आजींनी प्रत्येक पुस्तकात मोरपीस ठेवून दिले होते. बाईंनी आणि मी तीन दिवस मोजणी केली. हिशेब जुळेना, म्हणून पुन्हा मोजले. सहा पुस्तके हरवली होती. त्याबद्दल कोणी दुसरी प्रत आणून दिली, कोणी किंमत दिली. तरीही एकूण आकडा ३,५३१ येत होता! सदतीस पुस्तके अधिक होती. शोध करता कळले ते असे: वाचनालयाची पुस्तके ठेवण्यासाठी लोकांनी घरातील फडताळे, माळे, पेट्या आवरल्या, तेव्हा त्यांत पूर्वीच कधीतरी नेलेली आणि विसरलेली आमचीच पुस्तके निघाली. ती त्यांनी निमूटपणे पंचविसांत मिसळून परत केली होती.

त्यांतले सर्वांत जुने १९७४ साली नेलेले होते. ते आणून देणारे गृहस्थ मात्र निमूटपणे गेले नाहीत, टेबलाशी उभे राहिले. पुस्तक त्यांच्या वडिलांनी नेले होते. वडील आता हयात नाहीत. “दंड किती झाला?” त्यांनी विचारले. त्या काळी दंड दिवसाला पाच पैसे असे. बाईंनी कागदावर गुणाकार केला तो नऊशे रुपयांच्या वर गेला. मी म्हटले, राहू द्या; पण ते ऐकेनात. समितीचे एक सभासद तेथे होते, त्यांनी ही रक्कम देणगी म्हणून लिहावी असे सुचवले. त्यासही ते तयार नव्हते. दंड तो दंडच, आणि पावतीवर वडिलांचे नाव हवे. बाईंनी तशी पावती फाडून दिली.

मग त्यांनी विचारले की हे पुस्तक आज पुन्हा नेता येईल काय. त्याच्या मध्यावर एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. बाईंनी त्यांना सभासद करून घेतले, पहिल्या पानावर जुन्या दोन शिक्क्यांखाली तिसरा शिक्का मारला, आणि परतीची तारीख घातली.